कुरणवाटेवरची तीन घरं

एब्बे थोर्सागरला ऑर्सलुंडात कोणी आडनावानं ओळखत नसे. बॉयलरवाला एब्बे म्हटलं की पुरे. एक्केचाळीस वर्षं हा माणूस गावातल्या घराघरांत, मागच्या दाराजवळच्या त्या अडगळीच्या खोलीत गुडघे टेकून बसला. कोणाचा घर तापवायचा गॅसचा बॉयलर कधी बसवला, कोणाची बायको आल्याआल्या कॉफी विचारते आणि कोण जाईपर्यंत विचारत नाही, सगळं त्याला तोंडपाठ. आमच्याकडे किल्ली दाराबाहेरच्या कुंडीखाली असते. एब्बेला गावातली प्रत्येक कुंडी माहीत होती. पण एका घरातली गोष्ट त्यानं कधी दुसऱ्या घरात नेली नाही. बोलणंही बेताचंच. बॉयलर मेलेला असेल तर म्हणायचा, "ह्याचं काही खरं नाही." नवा झकास चालू झाला तर म्हणायचा, "वाईट नाही." ह्यापलीकडचं कौतुक त्याच्या बायकोनं, बोडिलनंही, चाळीस वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं.

अशा माणसाचा आमच्या गावानं केसानं गळा कापला. अजूनही सांगताना माझं डोकं तापतं. पण सांगतो, कारण गावात हा विषय कोणी काढत नाही, आणि न काढण्यातच सगळ्यांची सोय आहे.

ज्या वर्षी गॅसचे भाव आभाळाला भिडले, त्या वर्षी नगरपालिकेला जाग आली. गॅस बंद करायचा. गावाच्या कडेला एक मोठं ऊबघर बांधायचं, तिथं पाणी तापवायचं, आणि जमिनीखालच्या नळांतून ते घरोघर फिरवायचं. मालकी गावाचीच, सहकारी सोसायटी काढून. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण शंभरातली सत्तर घरं सह्या देतील तरच काम सुरू होणार होतं. आणि नगरपालिकेच्या कागदावर सही म्हटली की आमचे लोक आधी चष्मा शोधायला लागतात, आणि तो काही सापडत नाही.

नगरपालिकेनं ह्या कामाला सिसेल नावाची एक तरुण बाई नेमली होती. हुशार, गोड बोलणारी, सायकलवरून यायची. दोन सभा घेतल्या, दोन्हींना मिळून अकरा माणसं आली, त्यातली चार केकसाठी. तिसऱ्या आठवड्यात ती थेट एब्बेच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"लोक आमचं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"म्हणजे मी माझाच धंदा बुडवायला दारोदार हिंडू?"

"तुम्ही पुढच्या वर्षी कामातून निवृत्त होणार आहात ना?"

"हे तुला कोणी सांगितलं?"

"बेकरीत कळलं."

बोडिल ओट्याशी उभी होती, ती फिस्सकन हसली. "बघ. मला अजून सांगितलेलं नाहीस, आणि पाववालीला माहीत आहे."

एब्बेनं कपाळ खाजवलं. मग त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि ह्या गोष्टीत तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. "कडेच्या घरांचं काय? आमची ही कुरणवाट गावापासून चारशे मीटर लांब. फक्त तीन घरं. एवढ्या लांब नळ आणणार का तुम्ही?"

सिसेलनं पिशवीतून भिंतीवर लावायचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: कोणीही मागे राहणार नाही. "हे नुसतं छापायला छापलेलं नाही, एब्बे," ती म्हणाली. "श्रीमंताच्या घरात ऊब आणि कडेच्या म्हातारीच्या घरात थंडी, असं करायचं असतं तर आम्ही हा खटाटोपच केला नसता."

एब्बे म्हणाला, "वाईट नाही." आणि तो कामाला लागला.

तो सगळा हिवाळा आणि पुढं मेपर्यंत तो फिरला. संध्याकाळी पाच वाजता, जेवणाच्या आधी, बगलेत निळी फाइल घेऊन. सोसायटीचा चेअरमन झाला होता लाउस्ट, एब्बेचा शाळेपासूनचा दोस्त. दर गुरुवारी दोघं पत्ते खेळायचे. लाउस्ट मोठा जमीनदार, सभेत बोलायला एक नंबर, पण लोकांच्या दारात जायचं म्हटलं की त्याची कंबर दुखायची. दारं एब्बेनं वाजवली. लोकांनी विचारलं, "एब्बे, खरं सांग, तू स्वतः घेणार का?" तो म्हणायचा, "घेणार." बस. तेवढ्यावर लोक सही करायचे. कोणाला शंका असली तर तो खाली बसून त्यांच्या भिंतीवरच्या गरम पाण्याच्या रेडिएटरला हात लावायचा, नळ कुठून येईल ते दाखवायचा, आणि खोटं काही सांगायचा नाही. बागेतली फरशी उखडावी लागेल, हेही सांगायचा. ज्यांनी सिसेलला दारातूनच परत पाठवलं होतं, त्यांनी ह्याला केक खाऊ घातला.

आता त्याची चूक सांगतो. दुसऱ्या कोणत्या देशातल्या माणसानं ती केली असती असं मला वाटत नाही. फाइलमध्ये सगळ्यांची सह्या केलेली पानं होती. पण कुरणवाटेवरची तीन पानं, म्हणजे त्याचं स्वतःचं आणि दोन शेजाऱ्यांचं, त्यानं मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवली. यादी घेऊन फिरणाऱ्यानं स्वतःचा रस्ता वर लावला तर आमच्याकडे दहा वर्षं बोलतात: बघा, आधी स्वतःचं बघितलं. जो कॉफी ओततो तो स्वतःचा कप शेवटी भरतो, तशी ही आमची रीत. बोडिल म्हणालीसुद्धा, "अरे, आपलं पान देऊन टाक ना एकदाचं." तर म्हणाला, "आधी लोकांचं होऊ दे."

शेजारी दोन. एका घरात दोरोता आणि तिचा नवरा, दोघंही पोलंडचे, कत्तलखान्यात कामाला. घर नुकतंच घेतलेलं. आणि दुसऱ्या घरात मेटाबाई. वय चौऱ्याऐंशी, एकटी, डोकं तल्लख, गुडघे गेलेले. त्यांचा बॉयलर चोवीस वर्षांचा, एब्बेनंच बसवलेला. त्यांची मुलगी ऑल्बोरला असते. तिनं आईच्या घराला विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवायचा ठरवला होता. माणूस येऊन मापंसुद्धा घेऊन गेला होता.

तेव्हा एब्बे तिथं गेला आणि म्हणाला, "मेटाबाई, थांबा. अंगणात ते घुं घुं करणारं खोकं कशाला बसवता? दीड वर्षात आपल्या रस्त्यावर नळ येतोय. तोवर तुमचा बॉयलर मी चालता ठेवतो."

"नक्की येतोय?"

"मी सांगतोय ना."

मेटाबाईंनी त्याच दुपारी मुलीला फोन करून तो पंप रद्द करायला लावला.

मेच्या शेवटच्या दिवशी सह्यांची मुदत संपत होती. एब्बे फाइल घेऊन लाउस्टच्या घरी गेला. शंभरातली एक्क्याऐंशी घरं झाली होती. लाउस्टनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "लेका, तू कमाल केलीस." पानं चाळता चाळता त्यानं खालची तीन पानं बाजूला काढली.

"ही राहू दे सध्या तुझ्याकडेच. नकाशा नवा करतायत, तुमच्या रस्त्याचा क्रमांक बदलणार आहे. नव्या क्रमांकानं परत भरू. उगाच दोनदा कशाला?"

"मुदत आज आहे ना?"

"मुदत परक्यांना. तुझी सही कसली मागतोय मी? तू नसतास तर सोसायटीच झाली नसती."

एब्बेनं ती तीन पानं घडी करून खिशात घातली आणि दोघं पत्ते खेळायला बसले. त्या दिवशी लाउस्ट हरला आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

सप्टेंबरात सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली, गावच्या सभागृहात. नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांनी उभं राहून गाणं म्हटलं, मग कॉफी फिरली, मग अहवाल. ऊबघराची जागा मंजूर, पाइप मागवले, सगळं छान. एब्बे बोडिलशेजारी मधल्या टेबलावर बसला होता. सहावा विषय होता नळाच्या हद्दीचा. लाउस्ट उठला, पडद्यावर नकाशा आला. गावभर लाल रेघा होत्या. कुरणवाटेच्या तोंडाशी रेघ थांबली होती.

"सल्लागारांचं म्हणणं पडलं," लाउस्ट म्हणाला, "की तीन घरांसाठी चारशे मीटर चर खणायचा म्हणजे त्याचा भार सगळ्यांवर येणार. दर घराला महिन्याला कॉफीची दोन पाकिटं, एवढा. जास्त नाही. पण कायमचा. आणि तसंही त्या रस्त्यावरून मुदतीत एकही सही आलेली नाही."

एब्बे उभा राहिला. सभेत उभं राहायची त्याची ती आयुष्यातली पहिली वेळ. "लाउस्ट, ती पानं तुझ्या हातात होती."

"फाइलमध्ये नाहीत, एब्बे." लाउस्ट शांतपणे म्हणाला. "माझ्याकडे जे आहे ते आहे."

कोणीतरी कपात चमचा फिरवत होतं, तेवढाच आवाज. सभा चालवायला बाहेरगावचा एक वकील बोलावला होता, त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, "मतदान हात वर करून घेऊ, की कोणाला चिठ्ठ्या हव्यात? एकानंही मागितल्या तर चिठ्ठ्या घ्याव्या लागतील."

बोडिलनं टेबलाखालून एब्बेला ढोसलं. "माग चिठ्ठ्या."

"नको."

"अरे माग!"

"नको म्हटलं ना. माझ्यासमोर करू दे."

हा त्याचा हिशेब होता, आणि मला तो आजही समजतो. आमच्याकडे चिठ्ठी मागणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर सांगणं की माझा तुझ्यावर भरवसा नाही. एब्बेला ते जमणारं नव्हतं. शिवाय त्याला वाटलं, चिठ्ठीवर माणूस काहीही खरडेल, पण मी इथं बसलेला असताना, ह्या माणसांच्या घरी मी नाताळच्या सकाळीसुद्धा बॉयलर दुरुस्त करायला गेलेलो असताना, हे माझ्या डोळ्यादेखत हात वर करायचे नाहीत. लाज म्हणून काही असेल की नाही?

"नकाशा जसा आहे तसा मंजूर, त्यांनी हात वर करा," वकील म्हणाला.

आधी मागच्या टेबलावर दोन हात वर गेले. मग खिडकीकडचे पाचसहा. मग सगळ्या बाजूंनी, एकामागून एक. पाववाली. शाळेचा मास्तर. ज्या बाईच्या घरी त्यानं चार संध्याकाळी बसून फरशीचा प्रश्न सोडवला, ती. बोडिलची सख्खी बहीणसुद्धा. तिचा हात कोपरापर्यंतच गेला, पण गेला. एब्बेकडे कोणी बघत नव्हतं. सगळे टेबलावरच्या मेणबत्तीकडे बघत होते. सातआठ जण तेवढ्यात नेमके लघवीला गेले होते, त्यांना मी त्यातल्या त्यात बरे म्हणतो.

"विरोधात?"

संस्थापक सभासद म्हणून एब्बेला मत होतं. त्यानं हात वर केला. एकटाच.

वाटलं असेल तुम्हाला, इथं सभा संपली. छे! शेवटचा विषय राहिलाच होता, आभाराचा. लाउस्टनं टेबलाखालून लाकडी पेटी काढली, तीन लाल वाइनच्या बाटल्या, वर रिबीन. आमच्याकडे फुकट राबणाऱ्याला सोसायटी हेच देते. "एका माणसाशिवाय आज आपण इथं नसतो," लाउस्ट म्हणाला. "एब्बे, पुढं ये." आणि सगळ्या सभेनं टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, हे आणखी वाईट. सुटल्यासारखं वाटलं असणार त्यांना. एब्बे पुढं गेला आणि त्यानं ती पेटी घेतली. का घेतली? मी नंतर विचारलं. म्हणाला, "कळलंच नाही. समोर धरली, घेतली."

बाहेर आल्यावर बोडिलनं त्याच्या हातातली पेटी घेतली आणि सभागृहाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. बाटल्या फुटल्या. "आता चल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून लाउस्टच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

दुसऱ्या दिवशी एब्बेनं सिसेलला फोन केला. ती बिचारी आधी खूप हळहळली. मग म्हणाली, "पण निर्णय सोसायटीचा आहे, एब्बे. नगरपालिका फक्त अर्ज मंजूर करते."

"कोणीही मागे राहणार नाही, असं लिहिलं होतंस."

"तुमच्या रस्त्यासाठी वेगळा सल्ला देता येईल. माहितीपत्रक आहे."

"हा नकाशा कधीचा गं?"

"सल्लागारांचा अहवाल मार्चमध्ये आला होता. मला वाटलं, लाउस्टनं तुम्हाला तेव्हाच सांगितलं असेल."

मार्च! एप्रिल आणि मे हे दोन महिने एब्बे सगळ्यात हट्टी घरांची दारं वाजवत होता. एकोणीस घरं त्या दोन महिन्यांत झाली. ती झाली नसती तर सत्तरचा आकडाच गाठला नसता. म्हणजे ज्याला वगळायचं हे ठरलेलं होतं त्यालाच शेवटपर्यंत पळवला. आणि हिनं फोन करून एकदा विचारलंही नाही. तिला वाटलं! एब्बेनं फोन ठेवला. मनात एकच घोळत होतं, मेटाबाईंना काय सांगायचं.

सांगायला तो दुपारी गेला. मेटाबाईंनी कॉफी टाकली, राईच्या पावावर लिव्हरचं वाटण लावून पुढं केलं, आणि विचारलं, "मग? आपल्याकडे कधी खणतायत?"

"खणत नाहीत."

त्यानं सगळं सांगितलं. स्वतःची बाजू सावरून सांगितली नाही. मेटाबाईंनी ऐकून घेतलं. "पाव खा," एवढंच म्हणाल्या.

दोरोताला त्यानं कुंपणाशी उभं राहून सांगितलं. ती खळखळून हसली, आणि त्या हसण्यात आनंद नव्हता. "आम्ही इथं आलो तेव्हा सगळे सांगायचे, ह्या देशात कागद नको, शब्द पुरतो. आम्ही वेडे, विश्वास ठेवला. पण तुम्ही तर इथलेच ना?" आठवड्याभरात तिच्या नवऱ्यानं लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी आणली. ती माणसं तरुण होती, त्यांचं निभलं.

लाउस्ट पुढच्या गुरुवारी पत्ते घेऊन आला. खरंच आला! बोडिलनं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावलं. गावात मात्र सगळे एब्बेला पूर्वीसारखेच हात करायचे. "काय एब्बे, कसं काय?" म्हणायचे. त्या सभेबद्दल एक अक्षर नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर हा एक परत देऊ शकला असता. पण गोड बोलणाऱ्याशी कसं भांडायचं, हे त्याला कधी आलंच नाही.

ऑक्टोबरात गावात चर खणायला सुरुवात झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर मेटाबाईंचा बॉयलर मेला. एब्बे तीन दिवस त्याच्यापुढे बसला. पाणी जिथं तापतं ते आतलं पात्रच तडकलं होतं, आणि त्या जातीचा भाग आता कोणी बनवत नाही. त्यानं जुन्या ओळखीच्या सगळ्या माणसांना फोन केले. मग म्हणाला, "माझा काढतो आणि इथं बसवतो. माझा अजून पाच वर्षं जाईल."

"आणि तुम्ही दोघं?"

"आमच्याकडे लाकडाची शेगडी आहे."

बोडिल तयार होती. पण ऑल्बोरहून मुलगी आली आणि तिनं हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही, फक्त म्हणाली, "नको, एब्बे. मी वर्षभरापूर्वी सोय केली होती. आता आईला जिथं कोणाच्या भरवशावर राहावं लागणार नाही, अशा ठिकाणी नेते." वृद्धांच्या वसतिगृहात खोली रिकामी होती. मेटाबाईंनी आयुष्यात त्या घराबाहेर फार दिवस कधी काढले नव्हते. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सामान गाडीत भरलं. घर हिवाळाभर रिकामं राहणार, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायला हवं, नाहीतर गोठून फुटतात. हे काम एब्बेचंच. तो बादली आणि नळी घेऊन आला. आधी बैठकीची खोली, मग निजायची, मग मेटाबाईंच्या वारलेल्या नवऱ्याची बंद ठेवलेली खोली. काळं, वासाचं पाणी होतं, चोवीस वर्षं फिरलेलं. बादल्या भरत होत्या आणि तो त्या मागच्या अंगणात नेऊन ओतत होता. मुलीनं गाडी चालू करून ठेवली होती. मेटाबाई कोट-टोपी घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि तो काय करतोय ते बघत होत्या.

शेवटच्या रेडिएटरचा स्क्रू त्यानं घट्ट केला आणि उठला. गुडघे पुसले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता काही गोठणार नाही."

मेटाबाईंनी त्याच्या हाताचा आधार घेतला आणि उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्यावर थांबल्या. रागावल्या नव्हत्या, आवाज नेहमीचाच होता.

"लोक म्हणतात, सोसायटीनं फसवलं. मला सोसायटीनं कसं फसवायचं, एब्बे? मी तिच्याकडे कधी गेलेच नव्हते. माझ्याकडे तू आला होतास."

मेटाबाईंनी त्याचा हात दाबला आणि त्या गाडीत बसल्या.